कोऱ्या फोनचं कोडं

"तंबू मी उचलणार!"

"तू? तंबूच तुला उचलेल!"

"ताई, मी मागच्या सुट्टीपेक्षा दोन बोटं वाढलोय, माहितीये?"

"उभा की आडवा?"

काकांच्या घरी बाहेरच्या खोलीत तंबू ताणून उभा केला होता आणि त्याच्या आत तिघांची भांडाभांडी चालली होती. एक होती शंका, वय वर्षं बारा. पाळण्यातलं नाव वेगळंच होतं, पण कुणी काहीही सांगितलं की "पण का?" असं विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून सगळे तिला शंकाच म्हणत. दुसरा तिचा धाकटा भाऊ, रेडिओ. सकाळी डोळे उघडले की हा सुरू, रात्री झोपला की बंद. मध्ये बटण नाही! आणि तिसरी शेजारच्या घरातली कासव. तिची आई वसाहतीच्या दवाखान्यात परिचारिका होती. कासव सगळं सावकाश करायची. एक बिस्किट संपवायला तिला इतरांच्या जेवणाइतका वेळ लागे. पण एकदा पाहिलेलं ती विसरत नसे.

शंका आणि रेडिओ सुट्टीसाठी काकांकडे आले होते. काकू मागच्या हिवाळ्यात वारली. तेव्हा आईनं ठरवूनच टाकलं, "यंदा सुट्टी काकांकडे. त्या घरात आवाज हवा." आवाजाची सोय रेडिओकडे भरपूर होती.

आज सगळे तळ्यावर मुक्कामाला जाणार होते. काका स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला.

"हं, बोला... काय? पुन्हा? पुन्हा दोन?" काकांचा आवाज उतरला. "बरं. आलोच."

त्यांनी फोन ठेवला, तंबूकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरांनो, आज तळं राहिलं. कार्यशाळेत जावं लागेल."

"पण का?" तंबूतून शंकाचं डोकं बाहेर आलं.

"फोन कोरे झालेत."

"आम्हीपण येणार!" तिघंही एकदम ओरडली, आणि रेडिओच्या पायात दोरी अडकून तंबू सगळ्यांच्या अंगावर आला!

काका ज्या कार्यशाळेचे प्रमुख होते तिथे फोन बनत. पण दुकानात मिळणारे नव्हेत. सरकारातले मोठे अधिकारी आणि सैन्यातले अधिकारी यांनाच मिळणारे, कुणाला चोरून ऐकता येऊ नये असे फोन. पोलादी दाराच्या आत मुलांना परवानगी नव्हती. बाहेरच्या खोलीत एक बाक, पाण्याचं पिंप आणि एक टेबल होतं, तिथे त्यांना बसायला मिळालं. काकांनी रेडिओच्या हातात एक नमुन्याचा फोन दिला.

"हा आतून पोकळ आहे. पाडलास तरी चालेल."

फोन साबणाच्या वडीसारखा जाडजूड आणि काळा होता. त्यावर नाव नाही, चित्र नाही, काही नाही. कडेला तीन बारकी बटणं होती.

"ही कशाची?" शंकानं विचारलं.

"एक कानाचं, एक डोळ्याचं आणि एक लहरींचं. हे कानाचं खाली ओढलं की आतली तारच तुटते. मग बाहेरून कुणी कितीही डोकं आपटलं, तरी फोनला ऐकू येत नाही."

"आमच्या गणिताच्या सरांना असं बटण हवं," रेडिओ म्हणाला.

"तुला हवं! तोंडाचं!" शंका म्हणाली. "काका, आणि हा उघडतो कसा? बोट लावून?"

"छे! माणूस झोपला की त्याचं बोट कुणीही लावेल. चेहराही नाही. फक्त आठ आकडे, तेही डोक्यात ठेवायचे. पाच वेळा चुकीचे आकडे पडले की फोन स्वतःला पुसून टाकतो. पत्रं, नकाशे, निरोप, सगळं साफ! आणि किती वेळा चुकलं तेही दाखवत नाही. नुसता थरथरतो आणि काळा होतो."

"आणि यांच्यावर नाव का नाही?" कासवनं इतक्या वेळानं तोंड उघडलं.

"चोराला कळू नये म्हणून. खूण करायची नाही, चिठ्ठी चिकटवायची नाही, ओरखडासुद्धा काढायचा नाही. सगळे फोन जुळे. कुठला कुणाचा ते आतल्या क्रमांकावरून फक्त इथल्या यंत्राला कळतं."

"मग सोपंय!" शंका म्हणाली. "फोन कोरे झाले म्हणजे साहेबांनी आकडे चुकवले!"

काका खिन्नपणे हसले. "तेच तर कोडं आहे. प्रत्येकाला विचारलं. सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, आम्ही आकडे बरोबरच घातले."

"मग फोनलाच विचारा ना!"

"फोन पुसला की सगळंच पुसलं जातं गं. कशामुळे पुसलं, तेसुद्धा."

"अरे बापरे," रेडिओ म्हणाला. "म्हणजे खून झालाय आणि साक्षीदारही तोच!"

इतक्यात शेजारच्या कचेरीतून आवाज आला. दार नीट लागलं नव्हतं. आत मोठ्या मॅडम, म्हणजे इथल्या संचालक, आणि वरून चौकशीला आलेले तपासनीस साहेब बोलत होते.

"माणूस गुणी आहे, मॅडम, मी नाही म्हणत नाही," तपासनीस म्हणत होते. "पण पत्नी गेल्यापासून त्यांचं लक्ष ठिकाणावर नाही. जोडणीतच काहीतरी राहतंय. माझाही फोन त्यांच्याच हातचा आहे, पण मी तो जिवापाड जपतो, म्हणून टिकलाय! माझं ऐका, त्यांना जुन्या सामानाच्या गोदामात पाठवा आणि कार्यशाळा दुसऱ्या कुणाकडे द्या."

"शनिवारी ठरवू," मॅडम म्हणाल्या. "दहा वाजता."

बाहेरच्या खोलीत रेडिओनं हातातला नमुन्याचा फोन हळूच टेबलावर ठेवला. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"खरंही असेल," ते हळूच म्हणाले. "हात पूर्वीसारखा राहिला नसेल माझा."

आणि ते पोलादी दाराआड गेले.

शंका त्या बंद दाराकडे पाहत राहिली. घरी काका खुर्चीत बसले की बसूनच राहत. कपाटातलं काकूचं सामान हलवत नसत, आणि कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देत. पण कार्यशाळेचं नाव निघालं की त्यांचे डोळे जागे होत. ते टेबलही काढून घेतलं तर?

"चूक काकांची नाहीच!" ती ताडकन उठली. "आणि हे आपण शोधून काढायचं."

"शनिवारच्या आत?" रेडिओनं विचारलं. "आज तर बुधवार!"

"मग बोलत काय बसलायस?"

पिंपापाशी एक उंच, वाकलेला माणूस गटागटा पाणी पीत होता. खांद्यावर कुलूपबंद पिशवी. कार्यालयांतून कोरे फोन गोळा करून इथे आणायचं काम त्याचं होतं. मुलांनी त्याचं बारसं कधीच करून टाकलं होतं, पिशवीमामा!

"मामा," शंका गोड आवाजात म्हणाली, "कुणाचे फोन कोरे होतात हो?"

"नावं विचारायची नाहीत. मी सांगणारही नाही."

"नावं नकोतच. येतात कधी ते सांगा."

"सकाळी, आणखी कधी! माझा नाश्ता व्हायच्या आत. आणि एकटा कधी येईल तर शपथ! नेहमी जोडीनं. जसे काही चपलाच!"

"नेहमी दोन?" शंकाचे कान टवकारले.

"दोन म्हणजे दोन. आणि वर ओलेगिच्च! घामानं नुसते चिकट. आधी माझ्या रुमालाला पुसतो, मग पिशवीत टाकतो. हा रुमाल बायको धुवायला घेत नाही आता!"

मामा कुरकुरत निघून गेला. तिघंही बाकावर बसली.

"सकाळ, घाम आणि दोघं जण," शंका म्हणाली. "सकाळी सकाळी दोन साहेब मिळून घाम येईल असं काय करतात?"

"कुस्ती!" रेडिओ उडालाच. "ताई, साहेब लोक गुपचूप कुस्ती खेळतात!"

"चूप रे!"

कासव हातातलं बिस्किट उलटसुलट करत होती. "बॅडमिंटन," ती म्हणाली आणि बिस्किटाचा कोपरा चावला.

गुरुवारी भल्या सकाळी तिघं खेळाच्या मोठ्या दालनात हजर! दाराशीच फलक होता, 'खेळण्यापूर्वी फोन पहारेकऱ्याच्या कपाटात जमा करावेत.' कपाट होतं, पहारेकरीही होता. पण साहेब मंडळी त्याला नुसती मान डोलावून आत जात होती, आणि तो बिचारा सलाम ठोकत होता.

"आम्ही बॅडमिंटनची फुलं गोळा करून देऊ?" शंकानं विचारलं.

"वा! अवश्य!" कर्नल साहेबांनी भरघोस मिश्यांवरून हात फिरवला. "खाली वाकून वाकून माझी कंबर धरते!"

पहिला सामना कर्नल आणि तपासनीस यांचा. दोघांनीही खिशातून काळे फोन काढले आणि आपापल्या बाजूच्या शेवटच्या रेषेमागे जमिनीवर ठेवले.

"साहेब, ते कपाट..." शंकानं जाणूनबुजून विचारलं.

"अगं, नियम काय सांगतो? फोन आपल्यापासून तीन पावलांच्या आत हवा!" तपासनीस ऐटीत म्हणाले. "तो बघ, माझ्या पाठीशीच आहे. कपाटात ठेवा, सही करा, परत घ्या, पुन्हा सही करा... तेवढ्यात एक डाव होतो!"

खेळ सुरू झाला. कर्नल फूल असं हाणायचे की तपासनीस जागच्या जागी गरगर फिरायचे! पहिला डाव झटकन संपला. दोघे पाणी प्यायले, वाकून आपापला फोन उचलला, बाजू बदलली आणि नव्या बाजूला रेषेमागे ठेवला. दुसराही डाव कर्नलनीच घेतला. सामना खलास! दोघांनी फोन उचलले, आकडे घातले. फोन लगेच उघडले.

"काहीच झालं नाही," रेडिओ कुजबुजला.

मग टकलू साहेब आणि लांबू साहेब उतरले. (ही नावंही रेडिओचीच. त्यांच्यासमोर घ्यायची बंदी होती.) हा सामना मात्र असा रंगला की विचारू नका! एक डाव याचा, एक डाव त्याचा, मग तिसरा डाव. टकलू साहेबांच्या डोक्यावरून घामाचे ओघळ, लांबू साहेबांची जीभ बाहेर! शेवटी लांबू साहेब कसेबसे जिंकले. दोघांनी हात मिळवले, मागे जाऊन फोन उचलले आणि दाराकडे निघाले. टकलू साहेब चालता चालता आकडे दाबत होते. बोट शर्टाला पुसून पुन्हा दाबत होते. "घामामुळे लागतच नाही च्यायला..." असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर पडले.

आणि मुलं घरी नाश्त्याला बसली, तेवढ्यात खिडकीबाहेरून पिशवीमामा गेला. पिशवी फुगलेली!

"गेले! आणखी दोन गेले!" रेडिओनं टेबलावर मूठ आपटली. "आपल्या डोळ्यांदेखत! आणि आपल्याला काही कळलंही नाही!"

"आपण सगळं पाहिलंय," शंका म्हणाली. "पण काय पाहिलं ते समजलं नाही. पहिल्या दोघांचे फोन उघडले, दुसऱ्या दोघांचे नाही. का? फरक काय?"

"टक्कल!"

"रेडिओ!"

कासव पाव दुधात बुडवत होती. बुडवलेला पाव तिनं तसाच धरून ठेवला. तो मऊ झाला, वाकला आणि बुडुक करून दुधात पडला. तिचं लक्षच नव्हतं.

"वाकले नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"साहेब. डाव संपला की बाजू बदलतात. तेव्हा ते थांबले, पाणी प्यायले, वाकले आणि फोन उचलून नेले. पण तिसऱ्या डावात मध्येच बाजू बदलावी लागते. एकाचे अकरा गुण झाले की. तेव्हा कुणी थांबलं नाही. नुसते जाळीखालून पळत पलीकडे गेले. आणि... कुणीच वाकलं नाही."

मग शंका खुर्चीवर उभीच राहिली!

"म्हणजे शेवटी पाठीमागे जो फोन होता तो दुसऱ्याचा! टकलूंनी लांबूंचा उचलला आणि लांबूंनी टकलूंचा! सगळे फोन जुळे, कळणार कसं? टकलूंनी स्वतःचे आकडे घातले. अगदी बरोबर घातले! पण फोन दुसऱ्याचा! घामानं लागत नाही म्हणून परत परत घातले, आणि पाचव्यांदा..."

"ठुस्स!" रेडिओ म्हणाला. "म्हणून दोन-दोन! म्हणून सगळे शपथा खातात!"

"आणि फोन जमिनीवर ठेवला होता हे कुणीच सांगत नाही," शंका म्हणाली. "कारण सांगितलं तर स्वतःच अडकतील!"

रात्री जेवताना त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काकांचा घास हातात तसाच राहिला. एक क्षण त्यांचे डोळे जागे झाले, पण मग त्यांनी मान हलवली.

"पटतंय मला. पण पुरावा काय? फोन बोलणार नाहीत. साहेब कबूल करणार नाहीत. मी म्हणालो तर सगळे म्हणतील, स्वतःची चूक झाकायला मुलांना पुढे केलं."

"मग मोठ्या मॅडमना दालनात आणून बसवू!" रेडिओ म्हणाला.

"मॅडम दिसल्या की फोन निमूटपणे कपाटात जातील," शंका म्हणाली. "नाही. मॅडम अगदी शेवटी यायला हव्यात. ऐन वेळी."

शुक्रवारी दालन बंद होतं, जमीन धुवायला काढली होती. पहारेकऱ्यानं आणखी एक बातमी दिली. टकलू आणि लांबू साहेब दौऱ्यावर गेले. शनिवारी सामना एकच, कर्नल विरुद्ध तपासनीस.

"झालं कल्याण!" शंका मटकन खाली बसली. "पहारेकरी म्हणतो, तपासनीस दर वेळी दोन डावांत हरतात. म्हणून तर त्यांचा फोन टिकलाय. जिवापाड जपतात म्हणे! तिसरा डाव होणारच नाही, तर अदलाबदल कुठून होणार?"

"मग एक डाव त्यांना जिंकवायचा," कासव म्हणाली.

"कोण जिंकवणार? त्यांना फूल दिसतं तरी का?"

शंका आणि कासव, दोघींनीही हळूहळू माना वळवून रेडिओकडे पाहिलं.

"काय?" रेडिओ म्हणाला. "मी काय केलं?"

शनिवार उजाडला. मोठ्या मॅडम रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारत. आज त्यांच्या बाजूनं कासव चालत होती आणि त्यांना एक गोष्ट सांगत होती. गोष्ट तिच्या मांजराची होती आणि अजून मांजर जागंही झालं नव्हतं! मॅडमना निघायचं होतं, पण कासवचं वाक्य मध्ये तोडून जाणं आजवर कुणालाही जमलेलं नव्हतं.

आत दालनात फोन रेषेमागे ठेवले गेले. कर्नलनी पहिला डाव चुटकीसरशी घेतला. दोघे वाकले, फोन उचलले, बाजू बदलली. दुसरा डाव सुरू झाला, आणि रेडिओही सुरू झाला!

"नमस्कार मंडळी! आपण पाहत आहोत महामुकाबला! इकडे मिश्या, तिकडे चौकशी! तपासनीस साहेबांनी फूल मारलं, आणि अहाहा! काय ती नजाकत! कर्नल साहेब धावले, मिश्या आधी पोचल्या, साहेब नंतर, आणि फूल जाळीत!"

"ए पोरा, गप्प बैस!" कर्नल ओरडले.

"कर्नल साहेब माझ्याशी बोलले आणि तेवढ्यात गुण गेला! मंडळी, तपासनीस आज पेटलेत!"

तपासनीसांची छाती फुगली. आपण पेटलो आहोत हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. ते खरंच उड्या मारू लागले. कर्नल मात्र हसू दाबू पाहत होते. हसू आलं की फूल बाहेर जाई, आणि राग आला की छताला लागे.

"मंडळी, छतावरच्या पालीनं तक्रार केली आहे!"

कर्नल खो खो हसत खालीच बसले. दुसरा डाव तपासनीसांचा!

शंकानं सुटकेचा श्वास सोडला. फोन पुन्हा उचलले गेले, बाजू बदलली. तिसरा डाव! आता कर्नलनी दात आवळले. "या डावात हसणार नाही!" सात-सात. नऊ-नऊ. शंकाची नजर फोनवरून हलेना. कुणी वाकलं तर? कुणाला आठवलं तर? मग ते फोन असेच उघडतील, दहा वाजतील, आणि काका गोदामात जातील.

अकरा-नऊ! तपासनीस पुढे!

"बदला बाजू!" तपासनीस आनंदानं किंचाळले आणि जाळीखालून वाकून पलीकडे पळाले. कर्नल रागारागानं पाय आपटत या बाजूला आले.

कुणीही थांबलं नाही. दोन काळे फोन जागच्या जागी पडून राहिले.

शंकानं रेडिओला कोपर मारलं. रेडिओनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली की मैदानावरचे पक्षी उडाले. बाहेर कासवनं शीळ ऐकली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य अर्धवट सोडलं.

"मॅडम, पळा!"

"काय? कुठे?"

"आत! सांगते! आधी पळा!"

आणि कासव पळाली. तिच्या मागे मोठ्या मॅडमही पळाल्या.

आत सामना संपला होता. शेवटी कर्नलच जिंकले, पण तपासनीस असे खुलले होते जसं काही तेच जिंकले. दोघांनी मागे जाऊन फोन उचलले आणि आकडे दाबले. फोन थरथरले.

"छे! हा घाम!" तपासनीसांनी बोट पुसलं. पुन्हा दाबले. तिकडे कर्नलही बोट मिश्यांना पुसत होते. शंका मनात मोजत होती. दोन. तीन. दाराकडे पाहत होती. दार बंदच! तपासनीसांचं बोट पुन्हा फिरू लागलं. चार...

"थांबा!" शंका जिवाच्या आकांतानं ओरडली. "साहेब, हात लावू नका! पुढच्या वेळी फोन कोरा होईल!"

"काय मूर्खपणा आहे?" तपासनीस गरजले. "माझे आकडे मला पाठ आहेत. बरोबर आहेत!"

"बरोबरच आहेत! दोघांचेही बरोबर आहेत! आणि दोघांचेही फोन उघडत नाहीत!"

दार धाडकन उघडलं. धापा टाकत मॅडम आत आल्या. त्यांच्यापुढे लालबुंद कासव.

"काय चाललंय इथे?"

दोन्ही साहेब ताठ उभे राहिले. शंका पुढे झाली.

"मॅडम, मी काहीच बोलत नाही. फक्त साहेबांना हातातले फोन एकमेकांना द्यायला सांगा. आणि मग एकदा, फक्त एकदाच, आकडे घालायला."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग दोघांकडे. "द्या."

फोन इकडचे तिकडे झाले. कर्नलनी आठ आकडे दाबले. फोन उजळला! तपासनीसांनी आपले दाबले. त्यांचाही उजळला! पण त्यांचा चेहरा मात्र विझत गेला.

"मंडळी," रेडिओ अगदी हळू आवाजात म्हणाला, "चौकशी संपली."

मग मॅडमनी कासवकडून बाजू बदलण्याची, न वाकण्याची, ओल्या फोनांची सगळी हकीकत ऐकून घेतली. या वेळी तिच्या सावकाश बोलण्याचा त्यांना कंटाळा आला नाही. सगळं ऐकून त्या तपासनीसांकडे वळल्या.

"जिवापाड जपता म्हणालात ना? जमिनीवर?"

"मॅडम... तीन पावलांच्या आत..."

"जाळीच्या पलीकडे किती पावलं होतात? मोजून दाखवा."

तपासनीसांनी मान खाली घातली. कर्नल मात्र पुढे झाले. "चूक माझीही आहे, मॅडम. मागे माझाही फोन असाच कोरा झाला होता, आणि मी गप्प बसलो. एका चांगल्या कारागिरावर आळ आला. मी आत्ता जाऊन त्यांची माफी मागतो."

"आपण सगळेच जाऊ," मॅडम म्हणाल्या.

कार्यशाळेत काका टेबल आवरत होते. हत्यारं पुसून एका खोक्यात ठेवत होते. दारात एवढी माणसं पाहून ते उभे राहिले.

"दहाला अजून वेळ आहे, मॅडम. पण मी आवरायला घेतलंय."

"ते खोकं रिकामं करा," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बघा, तुमच्या फोनमध्ये एक गोष्ट सोडून काहीही चूक नव्हती. तो आम्ही वापरत होतो, ही ती चूक!"

सगळे हसले. तपासनीसांनी हात जोडून माफी मागितली. कर्नलनी काकांचा हात धरून तो इतका हलवला की हातातला पेचकस खाली पडला. मग त्यांनी तिन्ही मुलांना कडक सलाम ठोकला. रेडिओला काय बोलावं सुचेना! असं कधी झालं नव्हतं.

"पोरी," मॅडमनी शंकाच्या पाठीवर थाप मारली, "एवढी मोठी माणसं महिनाभर डोकं खाजवत होती, आणि तुम्ही फुलं वेचता वेचता सोडवलंत! आणि तू गं कासवबाई, तुझ्याइतकं नीट पाहणारं माणूस माझ्या अख्ख्या कचेरीत नाही. मांजराची गोष्ट पुरी करायला ये कधीतरी."

"येईन," कासव म्हणाली. "पण पूर्ण दिवस लागेल."

सगळे गेले. काका परत टेबलाशी बसले. एकेक हत्यार खोक्यातून काढून जागच्या जागी लावू लागले. मुलं उंबऱ्यापाशी उभी होती.

"तुमची काकू असती ना," काका अचानक म्हणाले, आणि मुलं चपापली. हिवाळ्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. "ती असती, तर तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं असतं, 'अहो, पण चूक तुमचीच कशावरून?' तपासनीसांनी नाही विचारलं. मॅडमनी नाही. मी स्वतःसुद्धा नाही विचारलं."

"मी विचारलं," शंका म्हणाली.

"हो गं. तू विचारलंस."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग टेबलावरचा कोरा फोन उचलला, दिव्याखाली धरला आणि पेचकस लावला. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"काकू फार प्रश्न विचारायची?" रेडिओनं विचारलं.

"फार?" काका हसले, अगदी पोटातून. "या इकडे. बसा. सांगतो."